भिजलेल्या यंत्रांची बखर

आमच्या घरातला तांदळाचा डबा हा नुसता तांदळाचा डबा नाही, ते एक धर्मार्थ रुग्णालय आहे. आजवर त्यात दोन मनगटी घड्याळं, नातवाचा कॅल्क्युलेटर, शेजाऱ्यांचा टीव्हीचा रिमोट आणि एकदा माझं कानाचं यंत्र असे रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी बरे होऊन घरी किती गेले, हा प्रश्न हिला विचारायचा नसतो. जे बरे झाले ते तांदळामुळे झाले. जे गेले ते उशिरा आणल्यामुळे गेले. मोठ्या दवाखान्यांतही हिशेब असाच ठेवतात म्हणा.

२०२२ च्या जुलैत या डब्यात माझा मोबाइल दाखल झाला. त्या पावसाळ्यात इरई धरणाची दारं उघडली आणि चंद्रपुरात नदीच्या बाजूच्या आमच्यासारख्या वस्त्यांत पाणी शिरलं. गोंड राजांनी या शहराभोवती चांगला भक्कम कोट बांधला, त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा अशा चार वेशी आणि पाच खिडक्या ठेवल्या. पण आमच्यासारख्या शहाण्या माणसांनी घरं कोटाच्या बाहेर, थेट नदीच्या मांडीवर बांधली. तर त्या सकाळी गुडघाभर पाण्यातून मी गव्हाचं पोतं जिन्यावर चढवत होतो. वाकलो, आणि सदऱ्याच्या वरच्या खिशातून मोबाइल ‘बुडुक’ असा एवढाच उद्गार काढून खाली गेला. चिखलातून चाचपून बाहेर काढेपर्यंत चार-पाच मिनिटं गेली. बाहेर काढल्यावर मी काय केलं असेल? जे कोणताही सुशिक्षित मनुष्य करील तेच. चालू होतो का ते बघण्यासाठी बटण दाबलं. तो क्षणभर हसल्यासारखा उजळला आणि गेला.

हिने तो माझ्या हातातून घेतला, पदराला पुसला आणि तांदळात गाडला. तांदूळ होता एचएमटी. आमच्या जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की हे वाण आमच्याकडचं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या लहानशा शेतकऱ्याने आपल्या धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्या जपून वर्षानुवर्षं निवडत नेल्या आणि त्यातून हे बारीक तांदळाचं वाण उभं केलं. त्या काळी एचएमटीचं घड्याळ हातात असणं म्हणजे माणूस मार्गी लागल्याची खूण होती. त्यावरून तांदळाला नाव पडलं एचएमटी. म्हणजे घड्याळाच्या नावाचा तांदूळ, आणि त्यात मोबाइल. यंत्राला सोयरिकीतच दिला म्हणायचा. दादाजी २०१८ साली गेले. आपल्या तांदळाचा हा उपयोग त्यांना दाखवला असता, तर ते काय म्हणाले असते कोण जाणे.

तो मोबाइल मला इतका महत्त्वाचा का होता, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे पन्नास-साठ वर्षं. म्हाताऱ्या माणसाचं ‘थोडं’ असंच असतं.

माझ्या लहानपणी हा सगळा मुलूख एकच चांदा जिल्हा होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. वडिलांनी घरात रेडिओ आणला तेव्हा तो देवघराच्या शेजारच्या फळीवर बसला आणि मान त्याला देवापेक्षा अर्धा आणा जास्तच मिळे. देवाला लायसन लागत नव्हतं, रेडिओला लागे. १९३३ च्या कायद्याप्रमाणे ते पोस्टातून काढायचं आणि दरसाल पैसे भरून ताजं करायचं. पुढे १९८० च्या दशकात ती कटकट सुटली, पण तोवर रेडिओ ऐकण्यातली अर्धी प्रतिष्ठा त्या लायसनच्या पुस्तकात होती. १९४८ साली सुरू झालेलं आकाशवाणीचं नागपूर केंद्र आमच्याकडे पावसाळ्यात खरखरत, पण नेमाने येई.

तो व्हॉल्व्हचा रेडिओ. चालू केला की आधी तापायचा, मग बोलायचा, आमच्या वडिलांसारखाच. आमच्याकडे जून ते सप्टेंबर असा पाऊस पडतो, की भिंतीला लावलेलं कॅलेंडर आपोआप तुळतुळीत होऊन खाली येतं. त्या दमटपणात रेडिओच्या पोटातले कागदी कंडेन्सर ओल धरायचे आणि आवाज घशात कफ झाल्यासारखा यायचा. पण व्हॉल्व्हच्या उबेने तो रोज थोडा आतून वाळायचा. म्हणून वडील घरात सुतक असतानासुद्धा, आवाज अगदी बारीक करून, रेडिओ अर्धा तास लावत. शेजारणींना तो अधर्म वाटे. खरं तर ती दुरुस्ती होती.

मग ट्रान्झिस्टर आला आणि यंत्राची किंमत उतरली, तसा त्याचा मानही उतरला. तो शेतावर जाऊ लागला, बैलाच्या शिंगाला लटकू लागला, मोहाच्या झाडाखाली रात्रभर दवात पडू लागला. त्याला चामड्याचं भोकाभोकांचं जाकीट असे. ते पाऊस आत घेई आणि बाहेर सोडत नसे. त्यातले सेल संपले की आम्ही ते काढून उन्हात वाळत घालायचो. पापडाशेजारी सेल आणि सेलांशेजारी राखणीला आजी. उन्हाने सेल तासाभरापुरते खरोखर जिवंत होत, आणि याच लोभापायी नंतर ते आतल्या आत फुटून स्प्रिंगांना खाऊन टाकत. तरी नाहीच बोलला, तर शेवटचा उपाय थप्पड. थप्पड बसली की रेडिओ बोले, कारण ढिला पडलेला एखादा सांधा तेवढ्यापुरता जुळे. शिक्षणक्षेत्रातही त्या काळी हाच सिद्धांत मान्य होता.

आता मुख्य कथेला येतो. १९८५ च्या दिवाळीत मी हप्त्याने एक टू-इन-वन घेतला. नोकरी सिरोंच्याला, एका सरकारी कचेरीत कारकुनाची. दिवाळीला मूलजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा यंत्र मिरवायला सोबत नेलं आणि आईला जात्यावर बसवून तिच्या ओव्या भरून घेतल्या. आई त्या डब्याला बिचकत होती. आपला आवाज त्यात गेला तर आपल्यापाशी कमी पडेल, असा तिचा हिशेब. तरी मुलासाठी गायली. मध्येच थांबून कोंबड्यांना हाकलली, ते हाकलणंही भरलं गेलं. पुढच्या उन्हाळ्यात आई वारली. कॅसेट मी सिरोंच्याला नेऊन कपाटात ठेवली. ऐकायचं धाडस होत नव्हतं.

सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या नकाशाचं अगदी खालचं टोक. आलापल्लीहून पुढे शंभरेक किलोमीटर नुसतं सागाचं जंगल, मग प्राणहिता, आणि पलीकडे त्या वेळचा आंध्र. नदीवर तेव्हा पूल नव्हता, नावेने जायचं. गावाची निम्मी भाषा तेलुगू. प्राणहिता तिथे गोदावरीला मिळते, आणि थोडं खाली इंद्रावतीही येऊन मिळते. या पोरींनी एकाच वेळी माहेरी यायचं ठरवलं की काय होतं, ते १९८६ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. तो गोदावरीचा महापूर अजून मापाने सांगतात. खाली भद्राचलमला पाणी ७५ फुटांवर गेलं होतं. पूर या भागाला नवा नाही. भामरागडला तर पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती जवळपास दर पावसाळ्यात गावाचा रस्ता तोडतात. २०१९ साली तर त्यांनी कितीदा तोडला ते मोजायचाही कंटाळा आला. पण १९८६ चं पाणी वेगळं होतं.

मी पोरांना आणि हिला घेऊन उंचावरच्या शाळेत गेलो. पाणी ओसरल्यावर घर उघडलं, तर जमिनीवर वीतभर गाळ आणि कपाटाचा खालचा कप्पा त्याच रंगाचा. टू-इन-वनच्या स्पीकरमधून पाण्याची धार लागली होती. कॅसेटच्या खिडकीत फीत दिसत नव्हती, नुसती प्राणहिता दिसत होती.

ऊन पडलं होतं. मी कॅसेट पुसून अंगणातल्या खाटेवर ठेवायला निघालो, तोच गावातला रेडिओ-घड्याळं दुरुस्त करणारा तिथून जात होता. त्याचं स्वतःचं दुकानही गाळात. तो धावत आला आणि ओरडला, “वद्दु सार, वद्दु!” मला वाटलं साप निघाला. ‘वद्दु’ म्हणजे नको. त्याने माझ्या हातातली कॅसेट घेतली आणि सरळ स्वच्छ पाण्याच्या बादलीत टाकली.

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. पाण्याने मेलेल्या वस्तूला पाण्यात? त्याचं म्हणणं असं, की पाण्याचं भय नाही, पाण्यासोबत आलेल्या चिखलाचं भय. उन्हात ठेवली तर गाळ फितीच्या वेटोळ्यांत सुकून सिमेंट होईल, मग उलगडायला गेलं की फाटेल. ओली आहे तोवर धुता येते. “इथे माझ्याकडे काही उरलं नाही, सार. चांद्याला माझ्या गुरूकडे न्या. पण पाण्यातच न्या.”

रस्ते खुले झाल्यावर मी हिचा पितळी डबा घेतला, उकळून गार केलेलं पाणी त्यात भरलं, कॅसेट बुडवली आणि एसटीत बसलो. दोनशेच्या आसपास किलोमीटर, तेही वाहून गेलेल्या रस्त्यावरून. दर तासाला झाकण उघडून बघत होतो. शेजारच्या म्हाताऱ्याला राहवेना. “कायले बघून रायले जी घडीघडी? मासे हायेत का?” मी म्हटलं, “नाही हो. आई आहे.” तो आष्टीपर्यंत माझ्यापासून सरकून बसला.

चंद्रपुरातले ते गुरू जटपुरा वेशीजवळ एका बोळात बसत. लोक त्यांना वायरलेसकाका म्हणत, कारण तरुणपणी ते फौजेच्या सिग्नल खात्यात होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात संच सांभाळून आले होते. त्या जंगलात शत्रूच्या गोळीपेक्षा दमटपणाने जास्त संच पाडले, असं ते सांगत. तारांवर बुरशी चढायची. म्हणून पुढे पुढे संच बुरशीनाशक घातलेल्या लाखेसारख्या लेपाने आतून सारवून यायला लागले. काकांनी डब्याचं झाकण उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला, “चालू करून तर नाही न पाह्यली?” मी नाही म्हटलं. “मंग बसा.”

त्यांनी कॅसेटचे पाच स्क्रू काढले. आतली स्प्रिंग गंजली होती, फितीला दाबून धरणारा लोकरीचा तुकडा कुजला होता. फीत मात्र पॉलिएस्टरची. ती पाणी पीत नाही. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी एका ताटलीत घेऊन त्यांनी ती फीत ओल्या मलमलीतून, मग कोरड्या मलमलीतून, एका चकतीवरून दुसरीवर सरकवायला सुरुवात केली. तासाभराच्या कॅसेटमध्ये सुमारे ९० मीटर फीत असते. काका ती हाताने तीनदा फिरवत होते आणि मी समोर बाकावर बसून, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसतात तसा, पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत होतो. एका ठिकाणी फीत चुरगळून गेली होती. तिथली वीतभर कापून दोन टोकं चिकटवावी लागली. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते. म्हणजे एका ओवीतले चार सेकंद प्राणहितेने ठेवून घेतले. दोन दिवस सावलीत मंद पंख्याखाली ठेवून मग नव्या कवचात बसवली. नवं कवच म्हणजे काय, दुकानातल्या एका फिल्मी गाण्यांच्या कॅसेटचं पोट रिकामं केलं. वरची चिठ्ठी तशीच राहिली. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे आलेले पाहुणे मोठ्या उमेदीने ती लावायचे, आणि आतून जातं सुरू व्हायचं.

हे सगळं एका बोळातल्या कारागिराचं वेड नव्हतं, ते मला फार पुढे वाचनात आलं. १९४१ साली पर्ल हार्बरला बुडालेल्या अमेरिकन युद्धनौका पुढच्या वर्षी वर काढल्या, तेव्हा खाऱ्या पाण्यात महिनोन् महिने पडलेली त्यांची विजेची यंत्रं आधी गोड्या पाण्याने धुतली, मग वाळवली आणि पुन्हा कामाला लावली. ऑसिलोस्कोप बनवणारी टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी दुरुस्तीला आलेली महागडी यंत्रं साबणाच्या पाण्याने धुऊन भट्टीत वाळवत असे. समुद्रात पडलेल्या विमानाचा ब्लॅक बॉक्स सापडतो, तेव्हा तो कोरडा करत बसत नाहीत. पाण्याच्या भांड्यात ठेवूनच प्रयोगशाळेत नेतात. आणि गंमत बघा: ज्या १९८६ साली मी पितळी डबा घेऊन एसटीत बसलो होतो, त्याच वर्षी चॅलेंजर यानाच्या अपघातातली ध्वनिफीत सहा आठवडे समुद्रात राहून सापडली होती. आयबीएमच्या तज्ज्ञांनी ती खपून साफ केली आणि अंतराळवीरांचे शब्द त्यातून परत मिळवले. त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा होती. आमच्याकडे मलमल होती.

तर या ओव्या नातवाने काही वर्षांपूर्वी कॅसेटवरून मोबाइलमध्ये उतरवून दिल्या. “आता चिंता नाही आजोबा,” असं म्हणाला. मी त्यावर विश्वास ठेवला आणि नंतर घर रंगवताना ती फिल्मी चिठ्ठीची कॅसेट रद्दीबरोबर गेली. कुणी दिली याचा तपास अजून चालू आहे. माझ्यावर संशय आहे.

म्हणजे २०२२ च्या त्या सकाळी चिखलात जो पडला, त्यात आई होती. आणि आयुष्यात एकदा वायरलेसकाकांसमोर बसून आलेला मी, पहिलं काय केलं, तर बटण दाबलं! पाण्यातले क्षार आणि वीज एकत्र आली की तांबं विरघळायला लागतं, ज्या वाटा जुळू नयेत त्या जुळतात, दोन दिवसांत आत हिरवं गवत उगवतं. भिजलेलं यंत्र बहुधा पाण्याने मरत नाही, ते आपल्या उतावळेपणाने मरतं, हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि आठवणं यांत जो फरक आहे तो परीक्षेच्या दिवसापासून माझ्या ओळखीचा आहे.

मुंबईहून मेहुण्याचा हिच्या मोबाइलवर फोन आला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून तो स्वतःला पाण्यातला तज्ज्ञ समजतो. त्याचा सल्ला, केस वाळवायच्या यंत्राने गरम वारा मारा. मारला असता तर पाणी आणखी आत गेलं असतं. ही म्हणाली, तांदूळ पुरे. दुसऱ्या रात्री मात्र मला झोप लागेना. आमच्या भागात खरेदी केंद्रावर धान नेलं की आधी त्यातला ओलावा मोजतात. १७ टक्क्यांच्या वर भरला की गाडी परत. घरातल्या तांदळातसुद्धा बारा-चौदा टक्के ओल असतेच. ज्या पिकाला आम्ही वर्षानुवर्षं ‘ओलं आहे’ म्हणून परत आणतो, त्याच्याकडून कोरडं करून घेण्याची अपेक्षा मी दोन दिवस धरून बसलो होतो. पहाटे उठलो, डब्यातून मोबाइल काढला आणि दुकान उघडायच्या आधी दुकानापुढे जाऊन उभा राहिलो.

दुकानातला पोरगा विशीचा. त्याने मोबाइल उघडला आणि आतली एक बारकी चिकटपट्टी दाखवली. ती मुळात पांढरी असते, पाणी लागलं की लाल होते. “पाणी गेलंच नाही म्हणणारे लय येते जी,” तो म्हणाला, “म्हणून कंपनीनं हा साक्षीदार ठेवला.” मग चिमट्याने त्याने चार्जिंगच्या भोकातून एक अख्खा तांदूळ बाहेर काढला आणि काचेवर ठेवला. “काका, आणखी दोन दिवस ठेवला असता तर भात झाला असता.” पुढे २०२४ च्या सुरुवातीला ॲपल कंपनीनेही मोबाइल तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होतं, असं सांगितलं. मी ते हिला वाचून दाखवलं. “त्यांना एचएमटी मिळत नसेल,” असं उत्तर आलं.

पोराने बॅटरी वेगळी केली, आतली हिरवी पाटी एका बारक्या कुंडात स्पिरिटसारख्या द्रवात बुडवली आणि कळ दाबली. कुंड गुणगुणायला लागलं. “हे काय करतोस?” मी विचारलं. “धुतो,” तो म्हणाला. मी बाकावर बसलो. अंगठा फरशीवर लागला.

संध्याकाळी मोबाइल उजळला. पोरगा म्हणाला, “भरवसा नाही जी. जे काढायचं ते आत्ताच काढून घ्या.” नातवाला बोलावलं. त्याने तीन ठिकाणी नकला केल्या, शिवाय एक माझ्या मेहुण्याला पाठवली. मोबाइल रात्री अकराला बंद पडला तो पुन्हा उठला नाही.

झोपण्याआधी हिच्या मोबाइलवर आम्ही ते लावलं. जातं, ओव्या, मध्ये चार सेकंदांचा तो खड्डा, कोंबड्या. ही दाखल रुग्ण नसलेल्या डब्यातून दुसऱ्या दिवसाचे तांदूळ काढत होती. शेवटी आईचा आवाज आला, जरा कंटाळलेला: “बस झालं न बापा आता. बंद कर ते. माहे तांदूळ पाखडाचे रायले.”

हिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “परत लावा.”